हळदीच्या नाचात अडकलेला गुडघा

गुडघ्याची तपासणी ही एक साधना आहे, असं आमचे प्राध्यापक फार गंभीरपणे सांगत. साधनेला शांतता लागते. त्या सकाळी माझ्या ओपीडीत नवरदेव, त्याची आई, त्याचे मामा आणि दारातून आत वाकणारं उरलेलं वऱ्हाड होतं.

नवरदेव म्हणजे मिलिंद, शेंद्र्याच्या एका कंपनीत फिटर. अंगावर कालची हळद तशीच. उजवा गुडघा वाकलेला, सरळ होईना. लग्न दुसऱ्या दिवशी दुपारी.

"काय करत होतास?"

"नाचत होतो, मॅडम."

"उकिडवं बसून गरगर फिरत व्हता," आई म्हणाली. "अन् ह्यो मामा म्हणं, अजून खाली बस!"

मामा भिंतीवरचं सांगाड्याचं चित्र बघू लागले.

गुडघ्यात दोन हाडांच्या मध्ये चंद्रकोरीसारख्या दोन गाद्या असतात. त्यांना मेनिस्कस म्हणतात. वाकलेल्या गुडघ्यावर अंगाचा भार टाकून पिळा दिला की गादी फाटू शकते. हळदीच्या नाचात हे सगळं मनापासून केलं जातं.

मी डावा गुडघा हातात घेतला.

"मॅडम, त्यो न्हाय, ह्यो!" दारातून एकदम ओरडा.

"चांगला आधी बघायचा असतो. याचा मूळ गुडघा कसा आहे ते कळतं."

"मोठे डॉक्टर कधी येत्यात?" मामांनी हळूच विचारलं.

"मीच."

"असं व्हय."

मग उजवा घेतला. आतल्या बाजूला सांध्याच्या फटीवर बोट दाबलं, तर मिलिंद टेबलावरून उठलाच. पाय सरळ करायला गेले की शेवटी अडायचा, दाराखाली चप्पल अडकावी तसा. म्हणजे फाटलेला तुकडा मध्ये सरकून बसला होता. अशा वेळी ऑपरेशन लवकर करावं लागतं. तसं मी सांगितलं.

"अवं मॅडम," आई म्हणाली, "तिकडं पोरगी मेंदी काढून बसलीय!"

एक चाचणी उरली होती, मॅकमरेची. गुडघा जमेल तितका वाकवायचा, पाऊल वळवायचं आणि फटीवर बोट ठेवून पाय सावकाश सरळ करत आणायचा. गादी फाटलेली असेल तर बोटाखाली कट् असं लागतं. दुखलं की थांबायचं. मी अगदी हळू वळवलं.

खट्! दारातल्यांनाही ऐकू आलं.

मिलिंदने पाय सरळ केला. वाकवला. पुन्हा सरळ केला. "मम्मी, सुटलं!"

टाळ्या पडल्या. प्लास्टर रूममधला एक पेशंट कुबड्या घेऊन बघायला आला. आई रडता रडता हसत होती. मामा माझ्या हातांचे फोटो काढत होते. मी फक्त तपासत होते, तुकडा आपणहून जागेवर गेला, हे मी परत परत सांगितलं.

"मोठी माणसं अशीच बोलत्यात," मामा म्हणाले.

गुडघ्याला पट्टा दिला. लग्न झाल्या झाल्या एमआरआय करायला सांगितलं.

"नाचता येईल ना?" मिलिंदने विचारलं.

"नाही."

"थोडंसं?"

"खुर्चीत बसून. हात वर करून."

लग्नात मिलिंदने ताठ उभं राहून हार घातला. वरातीत मित्रांनी त्याला खुर्चीसकट उचलून नाचवलं. मामांनी माझ्या जादूच्या हातांचा माइकवरून सत्कार केला. हा सगळा व्हिडिओ त्यांनीच मला पाठवला.

एमआरआयमध्ये गादी फाटलेलीच निघाली. नंतर मी ती दुर्बिणीतून शिवली. काम अवघड होतं आणि फार चांगलं झालं. बाहेर येऊन बघते तर बाकावर एकटे मामा होते. ते झोपले होते.