राऊतकाकांचं नाक

तारापूरच्या आमच्या कोटिंगच्या कारखान्यात नव्या माणसाचं स्वागत राऊतकाका त्याचे हात हुंगून करत. पहिल्या दिवशी मी नमस्काराला हात जोडले, तर त्यांनी ते तसेच धरून नाकाशी नेले. म्हणाले, "सकाली भजी खाल्ली. साबण लावा नि परत या." खाल्ली होती, बोईसर स्टेशनबाहेर.

ड्रिल आणि पंच ही भोकं पाडायची हत्यारं लवकर झिजू नयेत म्हणून आम्ही त्यांच्यावर केसाहून पातळ असा कडक सोनेरी थर चढवतो. त्याआधी त्यांना बोटाचं तेल जरी लागलं, तरी तो थर पुढे पापुद्र्यासारखा सुटतो. भट्टीतून निघताना मात्र चांगलं-वाईट सगळं सारखंच झळकतं. त्यामुळे धुलाई विभाग सांभाळणाऱ्या काकांचा कुणावरच विश्वास नसे. "रंगाला भुलू नये. रंग वरचा हाय," हे त्यांचं पालुपद. हातमोजे असताना हुंगायचं कशाला, असं विचारलं तर म्हणत, "मोजा चढवतो तो हातच ना?" लग्नाच्या पंगतीत जिलबीसुद्धा उलटून पाहणारा माणूस.

मग एका हिवाळ्यात आमचे पंच गिऱ्हाइकाकडून परत येऊ लागले. थर सुटलेला. विभागात जो तो दुसऱ्याकडे संशयाने बघू लागला. डबा खाताना माणसं एकमेकांची बोटं न्याहाळायची, मीही न्याहाळायचो. काकांचा संशय सुनंदावर बसला. ती जवळच्या पाम गावाहून येणारी, नवी, कंत्राटी, आणि केसांना चापून तेल लावणारी. काकांनी नाव घेतलं आणि साहेबांनी तिला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगून टाकलं. तिचं घर तिच्या एकटीच्या पगारावर चालत होतं.

सुनंदा रडली नाही. थेट काकांसमोर येऊन उभी राहिली. "काका, रोज सकाली तुमीच माजे हात हुंगता. तेल होतं, तर आत सोडलंत कशाला?"

काका तिचा हात पुन्हा नाकाशी न्यायला गेले, तिने तो मागे घेतला.

"मंग आता तुमचा हात द्या."

काकांचा हात हुंगायची आजवर कुणाची छाती झाली नव्हती. आणि धुतलेले पंच भट्टीच्या सांगाड्यावर लावायचं नाजूक काम ते स्वतःच करत. सुनंदाने त्यांचा हात नाकाशी नेला. "निरगुडीचं तेल. आजचं नाय, रोजच येतो वास."

"वास येतो?" काकांनी विचारलं. भांडणाच्या सुरात नव्हे, खरोखरच विचारलं. मग माझ्याकडे वळले. "तुमालापण?"

येत होता. पण काकांवर शंका कोण घेणार?

काका स्टुलावर बसले. "बोटांचे सांधे धरतात. बायको रातीला चोळून देते. सकाली धुतो नि हुंगतो. काय येत नाय, म्हणजे गेलं असं वाटतं." मग हळूच म्हणाले, "पावसाळ्यात ताप आलेला, तवापासून नाक गेलंय. सांगणार कुणाला? नाक सोडून माजं इथं काय हाय?"

म्हणजे इतके महिने हा माणूस आमचे हात नुसतेच नाकाशी नेत होता. काका तसेच उठून साहेबांकडे गेले. "पोरीला ठेवा. चूक माजी हाय, मी जातो." साहेबांनी थांबवून पाहिलं, ते थांबले नाहीत. मला त्यांचा फार राग आला होता, अजूनही थोडा आहे. सुनंदाला मात्र नाही.

धुलाईच्या दाराशी हात हुंगायला आता सुनंदा उभी असते. मध्ये एकदा काका आले. केळव्याच्या वाडीत लावलेल्या सोनचाफ्याचं पहिलं फूल रुमालात बांधून आणलं होतं. दारात थांबून त्यांनी आधी दोन्ही हात तिच्यापुढे धरले. तिने हसून ते हुंगले. मग त्यांनी रुमाल सोडला.

"पिवळं तर झक्क दिसतंय. बायको बोलते वास हाय. पण ती काय, मला बरं वाटावं म्हणूनपण बोलेल. तू हुंग."

सुनंदाने डोळे मिटून हुंगलं.

"हाय, काका. लय हाय."

काकांनी ते फूल तिच्याच हातात ठेवलं. उलटून पाहिलं नाही.