कोऱ्या पाटीचा शेरा

१८८४ सालच्या डिसेंबरची तीन तारीख, बुधवार, सकाळचे साडेआठ. ठाकुर्लीनजीक खाडीकाठच्या एका गावी मी बिगारीचा, म्हणजे पहिलीच्या आधीच्या वर्गाचा, मास्तर होतो. पाच-सहा वर्षांची मुले धूळपाटीवर, म्हणजे बारीक माती पसरलेल्या फळीवर, बोटाने अक्षरे काढीत. फळी हलविली की अक्षर गेले. कोणास काय येते हे रोज वहीत लिहिणे माझ्याकडे असे. मूल शिकल्याचा दुसरा पुरावा कोठेही नव्हता.

वर्गात मिठागरावरील एका कामकऱ्याचा मुलगा होता. तो बोलत नसे. त्याच्या नावापुढे जूनपासून माझा एकच शेरा होता: पाटी कोरी. दुसऱ्या दिवशी शाळाखात्याचे डिपुटी तपासणीसाठी येणार होते. ज्यास काहीच येत नाही त्याचे नाव तत्पूर्वी कमी करावे, हा हेडमास्तरांचा दंडक. मी बापास बोलाविले होते. तो साडेआठला दारात उभा राहिला.

"याचे नाव आज काढतो," मी म्हटले.

"काढा. मिठाचे वाफे चोपून सपाट कराया हात हवाच हाय. पन घरी अंगनात तर लिवतो."

"काय लिहितो?"

"मना काय ठावं? मास्तर तुमी का मी?"

मुले हसली. मी त्यांच्याकडे पाहिले, ती थांबली.

मुलगा फळीवर वाकला होता. त्याचे बोट चालत होते. मी तीन पावले पुढे गेलो, तोच त्याने तळहाताने माती सारखी केली आणि फळी माझ्यापुढे धरली. कोरी.

बाप म्हणाला, "कोरी नाय, मास्तर. सपाट केलीय. मालक वाफा बगाया आला का त्याच्यावर बोट उठलेला दिसाया नको. मीच शिकवलाय त्याला. आनि तुमी त मालकाच्याबी वर."

सहा महिने मी ती फळी पाहत होतो.

"आरं, हा वाफा नाय," बापाने मुलास सांगितले. "मास्तरला दाव."

त्याने आधी बापाकडे पाहिले, मग माझ्याकडे. मग लिहिले. माती चार वेळा पसरावी लागली. मुळाक्षरे पुरी झाली. ऋ चुकला.

मी वही हेडमास्तरांपुढे ठेवली. ते म्हणाले, "वहीत खाडाखोड डिपुटींना खपत नाही. नाव काढा, पुढल्या वर्षी पुन्हा घालू."

पुढल्या वर्षी तो मिठावर असता. मी खाडाखोड केली नाही. शेवटच्या शेऱ्याखाली लिहिले: मुळाक्षरे येतात, ऋ कच्चा, मागील सर्व शेरे मास्तराच्या चुकीचे. सही केली.

"उद्या तपासणी तुमचीच होईल," हेडमास्तर म्हणाले.

"होऊ द्या."

बाप एकटाच कामावर गेला.

संध्याकाळी मुले गेल्यावर मी त्या मुलाच्या फळीवरची माती चाळून खडे काढले, पुन्हा पसरली, आणि फळी सकाळसाठी त्याच्या जागी ठेवली.