नसलेला अंबाडा

आत्यासाठी वृद्धाश्रम बघायला गेले होते. काय काय बघायचं, त्याची यादी पर्समध्ये होती. बाथरूममध्ये धरायला दांडे होते, डॉक्टर रोज येत होते, वरणभात गरम होता. मनात म्हटलं, झालं, ठरलं.

तेवढ्यात खिडकीपाशी बसलेल्या एका आजींनी दोन्ही हात मानेमागे नेले आणि त्या अंबाडा घालू लागल्या. केस तर तिथल्या सगळ्यांचेच बारीक कापलेले. तरी त्यांची बोटं पीळ देत राहिली. शेवटी आकडा खोचल्यासारखं करून त्यांनी हात मांडीवर ठेवले.

“असे केस स्वच्छ राहतात, ताई,” तिथली सेविका म्हणाली. खरंच राहत असतील. पण हे यादीत कुठे लिहायचं? चांगल्यात की वाईटात? काळजी घेता घेता माणसाचं नक्की काय काय काढून घ्यावं लागतं, काही कळेना.

घरी आले. “कसं आहे गं तिथे?” आत्याने विचारलं. मी कंगवा घेऊन तिच्या मागे बसले. अंबाडा सोडला, तर आत केसांचा नुसता गुंता. किती दिवसांत मी हात लावला नव्हता! कंगवा शिरेना.

“दुखतंय गं,” आत्या म्हणाली. “त्यापेक्षा कापूनच टाक.”