मास्तरणीचा डावा हात

शिकवायला बसली की मास्तरीण आपले दोन्ही हात पाठीमागे बांधून घ्यायची. मला आधी तो तोराच वाटला. वीस वर्षांची पोर, आणि ऐट बघा! एकदा विचारलंच, तर म्हणाली, "काकू, माझा हात लागला की काम माझं होतं. शिकायचं त्या पोरीले आहे ना?"

मास्तरीण हे नाव वर्गातल्या मुलींनी ठेवलेलं. दापोऱ्याच्या केळीवाल्या शेतकऱ्याची ही मुलगी नर्सिंग शिकत होती, आणि शहरात, शनवारा भागात, आमच्या माडीवरच्या खोलीत भाड्यानं राहायची. मॅडमना विचारायची भीती वाटे ते सगळं विचारायला मुली दुपारी हिच्याकडे यायच्या. ब्लडप्रेशर मोजायला दंड अर्थात माझा! एकीनं एवढी हवा भरली की माझी बोटं बधिर झाली. मास्तरीण जागची हलली नाही. म्हणाली, "मशीन कायले बघते? काकूंचं तोंड बघ." पोरीनं वर पाहिलं नि झटकन हवा सोडली.

तिच्याच वर्गातली नंदा मात्र सुई हातात घेतली की थरथरायची. सलाईन लावायच्या परीक्षेत एकदा नापास झालेली, आठ दिवसांनी पुन्हा परीक्षा. "इस बार भी गया ना, तर मी हे सोडून घरीच जाते," म्हणाली. मास्तरणीनं ऐकलं, बाही वर सारली आणि डावा हात तिच्यापुढे टाकला.

पहिली सुई चुकली. दुसरी चुकली. हात निळा पडला, माझ्यानं तर बघवेना. नंदा रडायलाच लागली, "तुलाच टोचतेय गं मी."

"मंग पेशंटले दुखत नाही का? रडून घे, नवी सुई काढ, पट्टा बांध."

तिसऱ्यांदा सुईच्या मागच्या टोकात रक्त चढलं, शीर सापडली. हात न हलवता मास्तरीण हसली.

आता मास्तरीण इंदूरला नोकरी करते. मी शाळा फारशी पाहिली नाही, पण असं शिकवणारं माणूस मला दुसरं भेटलेलं नाही. त्या परीक्षेच्या दिवशी नंदा धापा टाकत जिना चढली होती. पास झाले, हे सांगायला तिनं तोंड उघडायच्या आत मास्तरीण म्हणाली, "पेशंटले दुखलं का?"

"नाही गं. ती बाई म्हणाली, टोचलं कधी ते कळलंच नाही. आणि मी पास झाले!"

मास्तरणीनं भिंतीकडे तोंड फिरवलं आणि ओढणीनं डोळे पुसत राहिली.

"आता हिला काय झालं, काकू?" नंदा मला विचारत होती.