देव बदलल्याची फिर्याद

नोकरीतल्या बहुतेक फिर्यादी आता एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. कोणाची मोटर कोणाच्या विहिरीवरून गेली, कोणाच्या बांधावरून कोणाचं डोकं फुटलं, हे विचाराल तर मला सांगता यायचं नाही. पण मोहफुलांच्या दिवसांत ट्रॅक्टर भरून आलेल्या माणसांनी दिलेली एक फिर्याद मी अजून शब्दाशब्दाने सांगू शकतो. तशी फिर्याद मी आधी कधी ऐकली नव्हती आणि नंतरही नाही.

तेव्हा मी वैनगंगेच्या अलीकडच्या धानपट्ट्यात ठाणेदार होतो. सकाळची हजेरी चालू असताना ट्रॅक्टर आवारात शिरला. त्यातून उतरलेले सरपंच थेट माझ्या टेबलाशी आले.

"साहेब, आमचा वाघदेव चोरीले गेला जी."

"मूर्ती होती?"

"मूर्ती नाई, दगड. अन् चोरानं त्याच्या जागी दुसराच आणून ठेवला."

आमच्या बीट हवालदाराने हसू दाबलं. मी त्याच्याकडे पाहिलं तसं उरलंसुरलंही गेलं. चोर माल नेतो हे मला ठाऊक होतं. नेलेल्या मालाच्या बदल्यात माल ठेवणारा चोर अजून भेटायचा होता. पण समोरच्या चेहऱ्यांवर चेष्टेचा मागमूस नव्हता. त्या भागात वाघाने माणूस मारल्याची वर्दी काही नवलाची नाही. वाघदेवाला हात जोडल्याशिवाय त्या गावातलं कोणी जंगलात पाऊल टाकत नाही, आणि मोहाची फुलं तर पडायला लागली होती.

"देव नाई तं जंगलात कसं जाव आमी?" मागून एक म्हातारा बोलला. "फुलं सडून राह्यली तिकडं."

स्टेशन डायरीला नोंद घेतली आणि जीप काढली.

तलावाच्या पाळीखाली, म्हणजे बांधाच्या पायथ्याला, मोहाच्या झाडाशी एक ओटा होता. पिढ्यान्‌पिढ्या तेल-शेंदूर खाऊन फुगलेला, गुडघाभर उंचीचा लाल गोळा तिथे असायचा, असं सगळे सांगत होते. आता तिथे काळा चपटा दगड उभा होता आणि त्यावर कोरीवकाम होतं. एका गुडघ्यावर टेकलेला माणूस, हातात कट्यार, आणि त्याच्यावर झेपावलेला वाघ. कट्यार वाघाच्या पोटात शिरलेली.

"पाहा साहेब," सरपंच म्हणाले. "आमच्या देवाले मारणारा आणून बसवला."

गोष्ट इथे बिघडली होती. नुसती चोरी लोक सोसतात, अपमान सोसत नाहीत.

मी खाली बसून दगडाचा बुंधा पाहिला. माती उकरलेली नव्हती. ओट्याच्या सांध्यातून आलेलं मोहाचं मूळ दगडाला जसंच्या तसं कवटाळून होतं. गवतात लाल कपच्या पडल्या होत्या, त्यांना जवसाच्या तेलाचा वास होता. दगड जागचा हललाच नव्हता, त्याच्या अंगावरचा शेंदूर तेवढा उतरवला होता. हे मला कळलं. पण चिडलेल्या गावाला ठाणेदाराने सांगून ते पटलं नसतं. आणखी एक गोष्ट मी मनात टिपून ठेवली. दगडापुढे विझलेली पणती होती आणि मोहाच्या ताज्या फुलांची ओंजळ होती. सकाळपासून भीतीने कोणी ओट्याला हात लावला नव्हता, मग ही पूजा केली कोणी?

पंचनाम्यात मी लिहिलं, 'एक पुरुष व एक वाघ असे कोरलेला दगड.' पंचांच्या सह्या घेतल्या आणि परत निघालो.

फाट्यावरच्या पानठेलेवाल्याने जीप थांबवली. आदल्या दिवशी अख्खं गाव बाजूच्या गावी लग्नाला गेलं होतं, तेव्हा इतिहास मंडळाची गाडी पाळीकडे जाताना त्याने पाहिली होती. आत बादल्या होत्या, ब्रश होते.

हे मंडळ मला माहीत होतं. तालुक्याच्या वाचनालयामागे त्यांची एक खोली होती. पाच-सहा निवृत्त माणसं, दर रविवारी एखाद्या गावी जायची. पडक्या बारवेतला गाळ काढ, वीरगळांचे फोटो घे, म्हाताऱ्यांकडून धान रोवतानाची गाणी ऐकून घे, असले त्यांचे उद्योग. खोलीत जुनी जाती, धान मोजायच्या लाकडी पायल्या, दंडार या लोकनाट्यातले मुखवटे होते. लोक त्यांना भंगारवाले म्हणून चिडवायचे आणि आपल्या घरातली मोडकी वस्तू मात्र आठवणीने त्यांच्याकडे पोचवायचे. सचिव होते एक निवृत्त गुरुजी, बौद्ध कुटुंबातले.

मला धडकी भरली ती या शेवटच्या गोष्टीने. दुपारपर्यंत दगडाचा व्हिडिओ गावोगाव फिरला आणि त्याखाली गुरुजींची जात लिहून आली. 'मुद्दाम केलं' हे दोन शब्द आगीसारखे पळतात. बाहेरगावचे दोन पुढारी ठाण्यात येऊन बसले. वरून फोन आला, "अटक दाखवा आणि मोकळे व्हा." मी "तपास चालू आहे" एवढंच म्हणालो. एका म्हाताऱ्या मास्तरला आत टाकून दोन समाजांत कायमची भिंत उभी करायला मी वर्दी घातली नव्हती.

गुरुजी स्वतःच ठाण्यात आले. "जयभीम साहेब," म्हणाले आणि समोर बसले.

"शेंदूर तुम्ही काढला?"

"मी काढला."

"परवानगी कोणाची?"

"कोणाचीच नाही. जबाबात तसंच लिहा. मंडळाच्या बाकी लोकांनाही मीच फसवून नेलं."

हे मला खटकलं. गुन्हेगार विचारलेलंही नाकारतो. हा गृहस्थ न विचारलेलं कबूल करत होता. इतकी वर्षं माणसं समोर बसवून एक समजलं होतं, की जो सगळा दोष ओढून घेतो, त्याच्या पाठीमागे कोणीतरी उभं असतं.

"गुरुजी, पणती कोणी लावली?"

त्यांची मान खाली गेली. "ते विचारू नका साहेब. मला अटक करा."

मी त्यांना चहा पाजला, महिला हवालदाराला सोबत घेतलं आणि पुन्हा गाव गाठलं. वाघदेवाची दिवाबत्ती कोण करतं, हे विचारायला फार हिंडावं लागलं नाही. ढिवर समाजातली एक विधवा बाई होती. तलावातली मासोळी विकून जगायची. सकाळपासून तिचं दार बंद होतं.

दार उघडून ती माझ्याकडे पाहत राहिली. अंगणात जाळं तसंच पडलं होतं.

"बाई, पणती तुमी लावली?"

"मीनंच लावली." मग ती मटकन खाली बसली. "गुरुजीले सोडा साहेब. त्याहीचा दोष नाई."

हळूहळू सगळं बाहेर आलं. या उन्हाळ्यात शेंदराच्या थराला भेग पडली होती. दिवा लावताना त्या भेगेतून तिला एक डोळा दिसला.

"दगडाले डोळा, साहेब! मी रोज त्याच्याशी बोलत होती, अन् तो आतून पाहून राह्यला होता. मले झोप नाई लागे. गुरुजी मागं गाणे लिहाले आले होते, त्याहीले म्हणलं, मले त्याचं तोंड दाखवा. ते म्हणे, गावाले विचारू. मी म्हणलं, गाव नाई आयकत. मी पुजारीण हाओ, मी सांगतो ना."

"मग सकाळी का नाही सांगितलं?"

"भेव लागला. गाव टाकून देईन मले. मी कुठी जाव?"

वाळीत टाकणं म्हणजे काय ते मी पाहिलेलं आहे. तलावावर जाळं टाकू दिलं नसतं, तिची मासोळी कोणी घेतली नसती. गुरुजी तिच्यासाठी तुरुंगात जायला निघाले होते आणि ती घरात तोंड लपवून बसली होती. मला दोघांचाही राग आला. एवढ्या मोठ्या वयाच्या दोन शहाण्या माणसांना गावाला साधं विचारता आलं नाही!

पण राग करून गुन्हा उलगडत नाही. ठाण्यात येऊन मी गुरुजींना विचारलं, "काढलेला शेंदूर टाकला कुठे?"

ते जरा दुखावल्यासारखे झाले. "टाकू कसा? मंडळात आम्ही काही टाकत नाही."

वाचनालयामागच्या खोलीत, जात्यांच्या शेजारी, दोन पोती होती. पंचांसमक्ष ती जप्त केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाव पाळीखाली जमलं. बंदोबस्त लावला होता, पुढाऱ्यांना मागे बसवलं होतं, गुरुजींना मी जीपमधून सोबत आणलं होतं. मी पोती ओट्यापुढे उघडली. वीतभर जाड लाल खापऱ्या निघाल्या. त्या आतून गुळगुळीत होत्या आणि प्रत्येकीत दगडावरच्या नक्षीचा उलटा ठसा होता. फुलं सडत असल्याचं सांगणाऱ्या त्या म्हाताऱ्याला मी पुढे बोलावलं. "तुमीच लावून पाहा, भाऊ."

त्याने एक खापरी उचलली, वाघाच्या जबड्याशी नेली. ती तिथे चपखल बसली. दुसरी माणसाच्या खांद्यावर बसली. तो हात जोडून म्हणाला, "आपलाच हाय रे. आपलाच देव."

लोकांनी श्वास सोडला. पण तेवढ्यात मागून आरोळी आली, "देव आपला असन, पन त्याले हात लावाले याले कोनं सांगतलं?" माणसं गुरुजींकडे सरकली. गुरुजी मान खाली घालून उभे होते. मी मध्ये जाऊन उभा राहिलो. बाईचं नाव माझ्या जिभेवर होतं, ते मी गिळलं. ते सांगणं तिचं काम होतं.

गर्दी फुटली आणि ती पुढे आली.

"मी सांगतलं. मारायचं तं मले मारा."

सरपंच तिच्यावर ओरडले, "बाई, तुले समजते का? हा दगडातला माणूस आपल्या देवाले मारून राह्यला!"

"तू नीट पायलं का?" ती ओट्यावर चढली. माणसाच्या पाठीमागे, दगडाच्या अगदी कडेला, तिने बोट ठेवलं. "हे कोन हाय?"

आम्ही सगळे वाकलो. तिथे बोटभर उंचीची एक बाई कोरलेली होती. कमरेवर टोपली होती तिच्या.

"तो मारून नाई राह्यला," ती म्हणाली. "तो आडवा झाला. वाघ त्या बाईवर आला होता." मग तिचा आवाज फुटला. "मोहा वेचताना वाघ माह्यावर आला होता. माहा माणूस मधात पडला. माह्या हाती कट्यार नव्हती, त्याच्याबी नव्हती. मी पळाली. तवापासून या दगडापाशी रडून राह्यली, अन् हा कोन हाय ते मलेच ठाव नव्हतं."

मग सरपंचांनी पागोट्याच्या शेवाने डोळे पुसले आणि दगडापुढे डोकं टेकवलं.

तक्रार गावाने लेखी मागे घेतली. गुरुजींनी सगळ्यांसमोर हात जोडून माफी मागितली आणि यापुढे ग्रामसभेला विचारल्याशिवाय दगडाला पाणीही लावणार नाही, असं कबूल केलं. शेंदराच्या खापऱ्या गावाने मंडळाला सांभाळायला दिल्या. देवाला आता शेंदराचा नुसता टिळा लावतात. तपास करणारा नजर खाली ठेवून चालतो, माती, मूळ, कपची सगळं बघतो, याचा मला तोवर अभिमान होता. त्या दिवसापासून मी पंचनामा लिहून झाला की घटनास्थळी ज्याचं दुःख आहे त्याला विचारतो, "तुम्हाला इथे आणखी काय दिसतं?" या सवयीने मला पुढे दोन खून उकलून दिले.

त्या सकाळी मी मात्र पंचांना थांबवून घेतलं. बाया टोपल्या घेऊन जंगलाकडे निघाल्या होत्या आणि त्यांच्या पुढे ती चालली होती. मी पुरवणी पंचनामा काढला आणि त्यात लिहिलं, 'पुरुषाच्या पाठीमागे एक स्त्री, जिवंत.'