पिवळ्या दोरीचं गाणं

महाळुंग्यात आम्ही मायलेकी पत्र्याच्या एका खोलीत राहायचो. लातूरकडून आलो आणि वर्षभरात वडील गेले. आई एका कंपनीत ठेक्यावर लागली. आठ तास उभ्यानं गाडीच्या वायरिंगचे जुडगे बांधायचे. दर सात महिन्यांनी ब्रेक, म्हणजे काही दिवस कामावरून कमी. ब्रेकनंतर पुन्हा फोन येईल की नाही, एवढ्यावर आमचं घर चालायचं.

लाइनवर प्रत्येकीच्या डोक्यावर एक पिवळी दोरी होती. काम अडलं की ओढायची. ओढली की भोंग्यातून गाणं वाजायचं, लहान मुलांच्या चावीच्या खेळण्यात असतं तसलं. प्रत्येक जागेचं वेगळं. लाइन लीडर येऊन बंद करेपर्यंत तेच तेच. दोरी मदतीसाठी आहे, असं भिंतीवर लिहिलेलं होतं. बायका मात्र म्हणायच्या, जिचं गाणं जास्त वाजतं तिला ब्रेकनंतर फोन येत नाही. माझ्या आईचं चार वर्षांत एकदाही वाजलं नव्हतं. ती हे अभिमानानं सांगायची. मीही सांगायचे.

आईच्या पुढच्या जागेवर महाळुंग्यातलीच एक बाई होती. तिचं सारखं वाजायचं. "वाजलं बघा माझं. नाचा गं समद्या," म्हणायची. एका ब्रेकनंतर तिला बोलावलं नाही.

तेव्हापासून आई तिचं गाणं गुणगुणायला लागली. भाकरी थापताना, नळावर, कपडे वाळत घालताना. जिथं संपायला हवं तिथंच ते पुन्हा सुरू व्हायचं.

"आई, बंद कर की ते."

"काय बंद करू?"

तिला खरंच माहीत नसायचं. आठवड्याभरात ते माझ्या डोक्यात शिरलं. चाकणला कॉलेजात जाताना, प्रयोगशाळेत, जेवताना. मी मोबाइलवर दुसरं गाणं लावायचे, मोठ्यानं पाढे म्हणायचे. थांबले की हे तिथंच उभं.

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी गणिताच्या पेपरात माझी उत्तरपत्रिका भरली. दोन प्रश्न बाकी होते, दोन्ही येत होते. पुरवणीसाठी हात वर करायचा, बास. हात अर्धा उचलला आणि ते वाजायला लागलं. वाटलं, आता सगळा वर्ग वळून बघणार. हात खाली घेतला आणि समासात बारीक अक्षरात उत्तरं कोंबत बसले. वेळ संपली. नापास झाले.

"एक कागद मागायला काय झालं होतं गं तुला?" आई म्हणाली.

"तू तरी कधी दोरी ओढलीस का?"

आई म्हणाली, "माझं अडत नव्हतं असं वाटतंय का तुला? अडलं की अर्धं काम तसंच पुढं ढकलायची मी. ते त्या पुढच्या बाईच्या हातात जायचं. गाणं तिचं वाजायचं."

"तिला कळत नव्हतं?"

"कळत होतं की. एकदा म्हणली, 'असू द्या वो, तुमची पोरगी शिकतीया.'"

त्या दिवसानंतर गाणं जास्तच वाजायला लागलं. आता त्याला चेहरा होता. पुढच्या परीक्षेपर्यंत मी ते घालवायचा प्रयत्नच सोडून दिला.

पुन्हा पेपर, पुन्हा शेवटचं पान भरलं. डोक्यात ते सुरू झालं. सुरू असतानाच मी हात वर केला, पूर्ण. पर्यवेक्षक बाई आल्या, पुरवणी आणि ती बांधायला पांढरा दोरा ठेवून गेल्या. एकानंही मान वळवली नाही. मी दोरा ओवला. राहिलेले दोन्ही प्रश्न मी त्या गाण्यातच सोडवले.

निकालानंतर मी आणि आई त्या बाईच्या घरी गेलो. आई दारातच थांबली, म्हणून मीच आत जाऊन तिला सगळं सांगितलं: आईनं पुढं ढकललेलं काम, डोक्यातलं गाणं, पुरवणी.

गाणं गेलेलं नाही. मी त्या पेपरात पास झाले. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली.