टोपीखालचं डोकं

पुन्याहून येताना भोरच्या येष्टीत एक जन माज्या शेजारी बसला व्हता. तिशीचा असंल. टोपी गच्च दाबून धरलेली. टोपीच्या कडंला रगताचा ठिपका दिसला, म्हनून म्या इचारलं, "पडलास व्हय रं?"

"न्हाई आजी. केस याया डाक्टर सुयांनी डोकं टोचत्यात. रोजचं अवशद बी लावायचं असतंय."

"मग उगवतंय का?"

"मुळं जित्ती असली तर. दोन पोरींनी नकार दिला, ऐतवारी तिसरी बगायचीय." मंग खाली बगत म्हनला, "बाप गेला तवा दहाव्याला डोकं भादरलं, त्येच्यानंच केस गेलं असं वाटायचं. डाक्टर म्हनत्यात, हे बापाकडनंच आलंय. बापाकडनं तेवढंच आलं, आजी."

त्यानं टोपी काढली. "बगून सांगा, काय दिसतंय का?"

गोंदल्यावानी लाल ठिपकं तेवढं व्हतं. म्या दोन लेकरं मातीत घातलीत. खोटा धीर द्याया माजी जीभ वळत न्हाई. पन 'न्हाई' म्हनाय गेले आन तोंडातनं निगालं, "आजून न्हाई."

"आजून," त्यो पुटपुटला, आन टोपी घातली.

मी भाटघरला उतरले, तवाबी त्येचं ओठ हलतच व्हतं.